भीम सिंग निकाल, नांदेडचे पैसे आणि मुंबईची जमीन



पेट झाली की सिनॉप्सिसची धावपळ सुरू होते. केंद्र-राज्य आर्थिक संबंधांवर विषय घेतलेल्या काही जणांचे कच्चे मसुदे गेल्या काही आठवड्यांत वाचायला मिळाले. त्यात एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा दिसलं: "भीम सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१०) या निकालाने अनुदानाच्या माध्यमातून राज्यांच्या धोरणांवर प्रभाव टाकण्याचा केंद्राचा अधिकार मान्य केला आहे."

हे वाक्य चूक आहे. आणि ते चूक आहे हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण माझ्या पहिल्या मसुद्यात मीही तेच लिहिलं होतं. गाईडनी समासात पेन्सिलने दोनच शब्द लिहिले: "कोणती अट?" उत्तर शोधायला मूळ निकाल उघडला, तर त्यात अट नव्हतीच.

मी मुळात विज्ञानाचा. छोट्या शहरांच्या पाणीयोजनांवर काम करताना प्रत्येक योजनेच्या फाईलमध्ये पैशाबरोबर अटींची यादी सापडायला लागली, म्हणून निकाल वाचायची वेळ आली. आज त्या एका निकालाची, आणि तो आपण ज्या पद्धतीने वापरतो त्या पद्धतीची, जरा कडक तपासणी करू. उदाहरण लांबचं नाही. अहमदपूरहून लोह्यामार्गे विद्यापीठात जाणाऱ्या सगळ्यांना माहीत असलेल्या नांदेड शहराचंच आहे.

निकालात नेमकं काय आहे

आधी एक गोंधळ दूर करू. "भीम सिंग" नावाचे दोन महत्त्वाचे निकाल आहेत. एक १९८१ मध्ये छापून आलेला महाराव साहिब श्री भीम सिंगजी यांचा. तो नागरी जमीन कमाल धारणा कायद्याबद्दल, म्हणजे आपण ज्याला यूएलसी म्हणतो त्याबद्दल आहे. दुसरा ६ मे २०१० चा, जम्मूचे नेते प्रा. भीम सिंग यांचा. तो खासदार निधीबद्दल आहे. संदर्भसूचीत या दोघांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. योगायोग असा की आजच्या लेखात दोन्ही लागणार आहेत.

२०१० च्या खटल्यात प्रश्न साधा होता. १९९३ पासून प्रत्येक खासदाराला मतदारसंघातली कामं सुचवण्यासाठी ठरावीक निधी मिळतो. रस्ता, समाजमंदिर, शाळेची खोली, बोअर. यातले बरेच विषय राज्यसूचीतले किंवा पंचायतींचे. मग केंद्र त्यावर पैसे खर्च करू शकतं का?

पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने "हो" म्हटलं. आधार होता कलम २८२. हे कलम सांगतं की केंद्र किंवा राज्य कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देऊ शकतं, मग तो विषय त्यांच्या कायदे करण्याच्या कक्षेत नसला तरी चालेल. न्यायालयाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, कलम २८२ साधारणपणे खास, तात्पुरत्या योजनांसाठी असलं तरी त्याचा अर्थ संकुचित करायचं कारण नाही. दुसरी, अशा खर्चासाठी वेगळा कायदा करायची गरज नाही. संसदेने मंजूर केलेला विनियोजन कायदा पुरेसा आहे. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

आता गाईडचा प्रश्न विचारा. खासदार निधीत राज्यावर कोणती अट होती? "हा कायदा बदला, तरच रस्ता मिळेल" असं त्यात कुठेच नव्हतं. पैसे जिल्हा प्रशासनाकडे येत, काम होई. राज्याच्या विधिमंडळाला काहीही करायला सांगितलेलं नव्हतं.

म्हणजे न्यायालयापुढे प्रश्न होता देण्याचा. देताना बदल्यात काय मागता येतं हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच, आणि जो प्रश्न पुढे नव्हता त्याचं उत्तर त्या निकालातून काढता येत नाही. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर, २५ अंश तापमानाला घेतलेलं रीडिंग तुम्ही ९० अंशाला लागू करताय.

इथपर्यंत चूक आपली, निकाल वाचणाऱ्यांची. पण निकालातही एक उणीव आहे, असं माझं म्हणणं आहे. ती दिसायला नांदेडला जावं लागेल.

नांदेडला पैसे कसे आले

३ डिसेंबर २००५ रोजी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झालं. तोंडात बसलेलं नाव जेएनएनयूआरएम. महाराष्ट्रातली निवडलेली शहरं होती बृहन्मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड. बाकीच्या चार शहरांच्या मानाने नांदेड लहानच, पण ऑक्टोबर २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा होता, देशविदेशातून भाविक येणार होते, आणि धार्मिक महत्त्वाच्या शहरांना अभियानात जागा होती. रस्ते, पाणीपुरवठा, मलनिःसारण, गोदाकाठ, झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी घरं अशी कामं निघाली. आज वाहतुकीच्या गर्दीत तुम्ही नांदेडच्या ज्या रुंद रस्त्यांवरून जाता, त्यामागे हा काळ आहे.

पायाभूत सुविधांच्या कामांत पैशाची वाटणी शहराच्या लोकसंख्येवर ठरत होती:

- मुंबईसारख्या ४० लाखांवरच्या शहरात केंद्र ३५ टक्के, राज्य १५, महापालिका ५०.
- १० ते ४० लाखांच्या शहरात केंद्र ५०, राज्य २०, महापालिका ३०.
- नांदेडसारख्या छोट्या शहरात केंद्र ८०, राज्य १०, महापालिका १०.

हा तक्ता नीट बघा. शहर जितकं लहान, तितकं दिल्लीवरचं अवलंबित्व जास्त. यात वाईट हेतू नाही. गरिबाला जास्त मदत हे तत्त्व बरोबरच आहे. पण याचाच अर्थ असा की "नको तुमचे पैसे" म्हणायची ताकद नांदेडकडे सगळ्यात कमी.

पैसे हप्त्याने मिळणार होते. करार झाल्यावर २५ टक्के, पुढचे हप्ते आधीच्या निधीच्या ७० टक्के वापराचं प्रमाणपत्र आणि सुधारणांची प्रगती पाहून. करार तीन पक्षांत होता: केंद्र, राज्य आणि महापालिका. राज्यासाठीच्या सक्तीच्या सुधारणांमध्ये या गोष्टी होत्या: ७४ व्या घटनादुरुस्तीप्रमाणे महापालिकांना अधिकार देणं, भाडे नियंत्रण कायद्यात बदल, मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांपर्यंत खाली आणणं, माहिती जाहीर करण्याचा आणि लोकसहभागाचा कायदा करणं. आणि यूएलसी कायदा रद्द करणं.

अटीची किंमत कुठे मोजली गेली

यूएलसी १९७६ चा. मोठ्या शहरांत एका माणसाने किती मोकळी जमीन धरावी यावर मर्यादा. मुंबईत ५०० चौरस मीटर. जास्तीची जमीन सरकारने घ्यायची, गरिबांच्या घरांसाठी वापरायची, असा विचार. प्रत्यक्षात जमीन फारशी हाती आली नाही, सवलती आणि सूट यांचाच बाजार जास्त झाला, अशी टीका सर्व बाजूंनी झाली. कायदा चांगला होता की वाईट, यावर हा लेख नाही. कृपया तो वाद यात घुसवू नका.

आपल्यासाठी महत्त्वाचं आहे ते त्याचं घटनात्मक जन्मस्थान. जमीन हा राज्यसूचीतला विषय. संसदेला त्यावर थेट कायदा करता येत नाही. म्हणून कलम २५२ वापरलं गेलं: दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून विनंती केली, तर त्यांच्यापुरता संसद कायदा करू शकते. ११ राज्यांनी तसा ठराव केला, महाराष्ट्र त्यात होता. वर सांगितलेला १९८१ चा भीम सिंगजी निकाल याच कायद्याचा. न्यायालयाने तो एक तरतूद वगळता वैध ठरवला.

कलम २५२ ची दुसरी बाजू अशी की असा कायदा मागे घ्यायलाही तीच वाट. संसदेने १९९९ मध्ये रद्द करणारा कायदा केला, पण तो लागू व्हायला प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाचा ठराव हवा. गुजरात, कर्नाटक, उत्तर प्रदेश यांनी १९९९ मध्येच तो स्वीकारला. महाराष्ट्र थांबला. आठ वर्षं थांबला. अखेर २९ नोव्हेंबर २००७ रोजी ठराव झाला आणि कायदा राज्यातून गेला. मुख्यमंत्री होते विलासराव देशमुख, म्हणजे आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या बाभळगावचे.

आता हे जोडून बघा. यूएलसीचा प्रश्न प्रामुख्याने मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांच्या जमिनीचा. नांदेडच्या नळाचा आणि मुंबईच्या मोकळ्या भूखंडाचा संबंध काय? तांत्रिक संबंध शून्य. पण करारात दोन्ही एकाच कागदावर. महापालिकेला यूएलसी रद्द करायचा अधिकार नाही, तरी तिच्या पुढच्या हप्त्याची वाट त्या कागदावरून जाते. मुंबईतल्या जमिनीबद्दलच्या निर्णयाला नांदेडचा सोहळा, पुण्याचे रस्ते, नागपूरचं पाणी असं सगळ्यांचं वजन लागलं.

अमेरिकेची कसोटी लावून बघू

तुमच्यापैकी बहुतेकांच्या सिनॉप्सिसमध्ये इथे अमेरिका येते. येऊ द्या, पण नीट येऊ द्या.

१९८७ चा साउथ डकोटा विरुद्ध डोल. अमेरिकन काँग्रेसने ठरवलं की दारू विकत घेण्याचं वय २१ न ठेवणाऱ्या राज्याचा महामार्ग निधी पाच टक्क्यांनी कापायचा. न्यायालयाने अट वैध ठरवली, पण कसोट्या दिल्या: खर्च लोकहिताचा हवा, अट स्पष्ट शब्दांत हवी, अटीचा त्या निधीच्या उद्देशाशी संबंध हवा, राज्याला घटनाविरोधी काही करायला लावता कामा नये. आणि दबाव इतका नसावा की त्याची जबरदस्ती होईल.

ही शेवटची कसोटी पंचवीस वर्षं कागदावरच होती. २०१२ मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्याच्या खटल्यात ती पहिल्यांदा खरी लागली. राज्यांनी मेडिकेड योजनेचा विस्तार केला नाही तर आधीपासून मिळणारा सगळा मेडिकेड निधी बंद, अशी तरतूद होती. नऊपैकी सात न्यायाधीशांनी ती जबरदस्ती मानली. डोलमध्ये पणाला लागलेली रक्कम साउथ डकोटाच्या अंदाजपत्रकाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी होती. इथे ती राज्यांच्या एकूण अंदाजपत्रकाच्या दहा टक्क्यांहून जास्त होती. आम्हा विज्ञानवाल्यांना हे लगेच समजतं: औषध तेच, मात्रा वेगळी.

नांदेडच्या कहाणीला या कसोट्या लावा. संबंधाच्या कसोटीवर यूएलसीची अट अडखळते. अभियानाच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की शहरात जमीन मोकळी झाली की घरं आणि सुविधा वाढतील. ओढूनताणून का होईना, संबंध दाखवता येतो. जबरदस्तीच्या कसोटीचं काय? इथे बरेच जण घाईने लिहितात, "केंद्राने निधीचा दबाव टाकून महाराष्ट्राला यूएलसी रद्द करायला भाग पाडलं." मीही लिहिलं होतं. हे दुसरं चुकीचं वाक्य. किमान, सिद्ध न झालेलं.

पश्चिम बंगाल: आपला कंट्रोल

प्रयोगशाळेत आपण काय करतो? एका नळीत रसायन घालतो, दुसरी तशीच ठेवतो. इथे दुसरी नळी आहे पश्चिम बंगाल. यूएलसीसाठी ठराव करणाऱ्या ११ राज्यांत तोही होता. कोलकाता आणि आसनसोल अभियानात होती, करार तसाच, अटी त्याच. तिथे प्रकल्पही मंजूर झाले. पण अभियानाच्या सगळ्या काळात पश्चिम बंगालने यूएलसी रद्द केला नाही. आधी डावी आघाडी होती, २०११ पासून तृणमूल. दोघांनीही नाही.

म्हणजे "नाही" म्हणणं अशक्य नव्हतं. शिवाय महाराष्ट्रातही त्या यादीतली प्रत्येक अट सारख्या जोमाने पाळली गेली नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आजही लागू आहे. लोकसहभागाची अट म्हणून २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. नांदेड किंवा लातूरमध्ये राहणाऱ्यांनो, तुम्ही किती क्षेत्रसभांना हजर होतात ते स्वतःला विचारा. एकाच कागदावरच्या अटींपैकी मुंबईच्या जमिनीची अट पूर्ण होते आणि सामान्य माणसाला मोहल्ल्यात बोलायची जागा देणारी अट कायद्याच्या पुस्तकात राहते. फक्त दिल्लीचा दबाव हे कारण असतं, तर सगळ्या अटींवर तो सारखा दिसायला हवा होता.

आणि २००७ मध्ये दिल्लीत आणि मुंबईत दोन्हीकडे काँग्रेसच्या नेतृत्वाखालचीच सरकारं होती. एकाच पक्षाच्या दोन सरकारांत कोण कुणावर जबरदस्ती करतंय?

इथे माझा स्वतःचा युक्तिवाद कोसळला होता, हे कबूल करतो. दोन महिने मी जबरदस्ती सिद्ध करायच्या मागे होतो, आणि पुरावा उलट बाजूला जात होता. पण अशा वेळी विषय टाकून द्यायचा नसतो. प्रश्न बदलायचा असतो.

मग बिघाड कुठे आहे

नवा प्रश्न असा: २९ नोव्हेंबर २००७ चा निर्णय कुणाचा होता?

राज्य सरकारला विचारा, तर सोयीचं उत्तर तयार: केंद्राची अट आहे, निधी अडकेल. केंद्राला विचारा: छे, ठराव तर तुमच्या विधिमंडळाने केला, कलम २५२ प्रमाणे. दोन्ही उत्तरं खरी आहेत. आणि दोन्ही खरी असल्यामुळेच मतदाराच्या हाती काही लागत नाही. यूएलसी जायला हवा होता असं मानणाऱ्याला श्रेय कुणाला द्यायचं कळत नाही, आणि राहायला हवा होता असं मानणाऱ्याला जाब कुणाला विचारायचा कळत नाही.

आता भीम सिंग निकालातली ती दुसरी गोष्ट आठवा: वेगळा कायदा नको, विनियोजन कायदा पुरे. खासदार निधीसाठी हे ठीक आहे. पण अटींच्या बाबतीत याचा परिणाम बघा. विनियोजन कायद्यात फक्त मागणी क्रमांक आणि रक्कम असते. "यूएलसी रद्द करणाऱ्या राज्यालाच पुढचा हप्ता" हे वाक्य त्यात नसतं. ते असतं मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत आणि करारपत्रात. संसदेने त्यावर मत दिलेलं नसतं. विधिमंडळापुढे विषय येतो तेव्हा करार आधीच झालेला असतो.

अमेरिकेत डोलची अट काँग्रेसने केलेल्या कायद्यात लिहिलेली होती. खासदारांची नावं मतदानाच्या नोंदीत होती. तिथल्या "अट स्पष्ट हवी" या कसोटीला अर्थ आहे तो त्यामुळे. आपण जबरदस्तीची कसोटी उसनी आणायला धावतो आणि तिच्याखालचा पाया, म्हणजे अट कायद्यात असणं, तिकडेच विसरून येतो.

म्हणून निकालावर माझा आक्षेप एवढाच आहे: देण्याचा अधिकार रुंद करताना न्यायालयाने "सार्वजनिक प्रयोजन" ही एकच चाळणी ठेवली आणि बरोबर येणाऱ्या अटींसाठी एक ओळही राखून ठेवली नाही. "अटींचा प्रश्न आमच्यापुढे नाही, तो खुला आहे" असं एक वाक्य असतं, तर आपण सगळ्यांनी सिनॉप्सिसमध्ये ती चूक केली नसती. नानी पालखीवाला यांच्यासारखे कायदेपंडित कलम २८२ हे अपवादात्मक गरजेसाठीच आहे असं आग्रहाने मांडत होते. न्यायालयाने ते मत स्वीकारलं नाही, हा त्याचा अधिकार. पण त्या मतामागची काळजी, की नेहमीचा पैसा वित्त आयोगाच्या नियमाने न येता मंत्रालयाच्या मर्जीने यायला लागेल, ती काळजी उत्तर न मिळता राहिली.

हा प्रश्न आता जुना राहिलेला नाही

मे २०२५ मध्ये तमिळनाडूने कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात केंद्राविरुद्ध दावा दाखल केला. म्हणणं असं: समग्र शिक्षा योजनेचा २०२४-२५ चा २,१५१ कोटींहून जास्त वाटा अडवून ठेवलाय, कारण राज्याने पीएम श्री शाळा योजनेच्या करारावर सही केली नाही, आणि त्या करारात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पूर्ण राबवण्याचं कलम आहे. केरळने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच करारावर सही केली आणि आठवड्याच्या आत अंमलबजावणी थांबवण्याचा निर्णय घेतला. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही शिक्षणहक्क कायद्याखालच्या खर्चाचा वाटा या धोरणाशी जोडण्याची गरज नाही, असं मत नोंदवलं.

रचना ओळखीची वाटली ना? जुन्या योजनेचा पैसा, नव्या योजनेची अट. मेडिकेड खटल्याच्या अगदी जवळ. इथे भीम सिंग निकालाचा दाखला कुणी "अटी वैध आहेत" म्हणून दिला, तर तुम्हाला आता माहीत आहे काय विचारायचं.

आपल्याकडे पैसा अडला नाही, कारण महाराष्ट्र पीएम श्रीत सामील आहे. पण "निर्णय कुणाचा" हा प्रश्न इथेही आलाच. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, राष्ट्रीय धोरणाचा हवाला देऊन. खुद्द त्या धोरणात लिहिलंय की कोणत्याही राज्यावर भाषा लादली जाणार नाही. जूनमध्ये सुधारित निर्णय, आणि २९ जून २०२५ ला दोन्ही रद्द, डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. रद्द झाले कारण लोकांना जाब विचारायला एक पत्ता सापडला: मुंबई. २००७ मध्ये तो पत्ता सापडला नव्हता.

सगळ्या अटी वाईट नसतात

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे केंद्राने डोळे मिटून पैसे द्यायचे का? नाही. विरुद्ध उदाहरणही आपल्याच दारात आहे. राज्यातल्या बहुतेक नगरपालिका, आपली अहमदपूरची धरून, २०२२ पासून २०२५ च्या शेवटापर्यंत प्रशासकाच्या हाती होत्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीला लोकनियुक्त मंडळाची अट होती. निधी अडला तर त्रास गल्लीतल्या माणसालाच होतो, हे खरं. तरीही ही अट यूएलसीसारखी नाही. पाच वर्षांत निवडणूक घ्या हे घटनेच्या कलम २४३-यू मध्येच लिहिलंय. अट राज्याला नवं काही करायला लावत नाही, घटनेने आधीच सांगितलेलं आठवण करून देते. शिवाय ती घटनात्मक आयोगाच्या प्रक्रियेतून आलेली आहे आणि त्याचा अहवाल संसदेत मांडला जातो.

म्हणून "अट" हा शब्द एकाच पोत्यात भरू नका. किमान चार प्रकार वेगळे करा:

१. दिलेला पैसा दिलेल्या कामावरच खर्च करा, हिशेब द्या.
२. घटनेने आधीच सांगितलेलं कर्तव्य पार पाडा.
३. तुमच्या अधिकारातल्या विषयावरचा कायदा किंवा धोरण बदला.
४. नवी योजना स्वीकारा, नाहीतर जुनीचाही पैसा बंद.

पहिल्या प्रकाराला कुणाचा आक्षेप नसतो. दुसऱ्यावर वाद होतो, पण तो पेलता येतो. खरा संशोधनाचा प्रश्न तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात आहे, आणि त्यांच्याबद्दल भीम सिंग निकाल गप्प आहे.

तुमच्या मसुद्यासाठी

शेवटी कामाचं. ज्या वाक्याने सुरुवात केली ते असं लिहा: "भीम सिंग (२०१०) निकालाने कलम २८२ खालील अनुदान देण्याच्या अधिकाराचा विस्तृत अर्थ लावला, मात्र अशा अनुदानासोबत राज्याच्या कायद्यात किंवा धोरणात बदल करण्याची अट घालता येते का, हा प्रश्न त्या खटल्यात उपस्थित नव्हता." वाक्य लांबलं, पण खरं झालं. आणि त्यातच तुमची संशोधनातली पोकळी, जिच्यासाठी समितीपुढे घाम फुटतो, ती आयती सापडली.

मग एक योजना घ्या, एकच. मोठी नको. तुमच्या तालुक्याच्या पाणीयोजनेची किंवा शाळेची चालेल. तिच्या मार्गदर्शक सूचना, करारपत्र आणि राज्याचा शासन निर्णय हे तीन कागद शेजारी ठेवा. प्रत्येक अटीपुढे तीन गोष्टी लिहा: ती वरच्या चारपैकी कोणत्या प्रकारची, ती पहिल्यांदा कोणत्या कागदात दिसली, आणि तिच्यावर कोणत्या सभागृहात मतदान झालं. नांदेडसाठी मी हा तक्ता केला, तेव्हा तिसऱ्या रकान्यात यूएलसीपुढे एक तारीख आली, २९ नोव्हेंबर २००७. पण ते मतदान कायदा रद्द करण्यावरचं होतं. निधी मिळवण्यासाठी तो रद्द करावा की नाही, यावर मतदान झाल्याची जागा मला रिकामीच ठेवावी लागली.